दुकान रोज उघडावं लागतं

(वांगणी येथे संघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. पेरणी, आजारपण, लेकीचं बाळंतपण अशा कारणांनी ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. ताईंच्या बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

अध्यक्ष ताई, सचिव ताई, कोषाध्यक्ष ताई, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या मावशी, तुम्ही आधी पुढे या, इथे सतरंजीवर जागा आहे.

आज मला विषय दिलाय, मोबाईलवर धंदा कसा चालता ठेवायचा. गणपती झाले. दिवाळीला थोडेच आठवडे उरलेत. आपल्या बऱ्याच समूहांचं वर्षाचं निम्मं उत्पन्न या दिवसांत येतं. म्हणून आत्ताच बोलायला हवं. भाजणी दळून झाल्यावर बोलून उपयोग नाही.

सुरुवात मी माझ्या चुकीपासून करते.

मी समाजकार्याची पदवी घेऊन इथे नवीन आले होते. तेव्हा आपल्या एका काकूंचा फराळाचा धंदा व्हॉट्सॲपवर आणायचं ठरलं. काकूंकडे फोन होता, पण स्क्रीनला तडा गेलेला आणि जागा भरलेली. त्यांचा भाचा हुशार. मी म्हटलं, भाच्याच्या नंबरवर सुरू करू, त्याला सगळं येतं. अर्ध्या तासात काम झालं. पैसेही त्याच्याच खात्यावर यायला लागले. मी अहवालात लिहिलं, “एक उद्योग डिजिटल झाला.” मला फार बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी भाच्याला पुण्यात नोकरी लागली. पोरगा चांगला, त्याचा दोष नाही. पण तो रात्रपाळी करणार की अनारशांचा भाव सांगणार? मेसेजची उत्तरं दोन-दोन दिवस जाईनात. मग त्यानं नवीन सिम घेतलं आणि जुन्याचा रिचार्ज राहून गेला. नंबर बंद पडला. काकूंना पत्ताही नाही. त्या भाजणी भाजून ऑर्डरची वाट बघत बसल्या. मग एक दिवस स्टेशनवर बदलापूरच्या एक जुन्या ग्राहक भेटल्या आणि म्हणाल्या, “काकू, तुम्ही फराळ बंद केलात का? आठ दिवस मेसेज करतेय. शेवटी दुसरीकडे सांगितलं.”

त्या दिवशी काकू माझ्याशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “पोरी, दुकान माझं होतं ना? मग किल्ली दुसऱ्याकडे का दिली?”

आणखी एक गोष्ट नंतर कळली. काकूंनी मोठी कढई आणि सोऱ्याचं मशीन घ्यायला कर्ज मागितलं, तेव्हा बँकेत त्यांच्या पासबुकात धंद्याचा एक रुपया दिसेना. सगळी कमाई भाच्याच्या खात्यावरून रोख हातात आली आणि घरात खर्च झाली. दोन वर्षं राबून कागदावर त्यांचा धंदाच नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या. नंबर आपला, खातं आपलं. धंद्याचं सिम स्वतःच्या नावावर हवं. त्याचा रिचार्ज चुकवायचा नाही, कारण बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देऊ शकते. क्यूआर कोड आपल्या बचत खात्याचा हवा. मुलगा, सून, भाचा यांची मदत जरूर घ्या. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून सोय आहे. नंबर आपल्याच फोनवर राहतो आणि मुलगा त्याच्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून उत्तरं देऊ शकतो. आपला फोन चौदा दिवस इंटरनेटला लागला नाही तर ती जोडणी तुटते, एवढं लक्षात ठेवा. म्हणजे किल्ली आपल्या कमरेला, आणि मदतनीस दुकानात.

आता मुख्य विषय. दुकान उघडलं, पण ते चालू कसं ठेवायचं?

आपल्या वांगणीचं नाव एकदा सगळ्या देशानं ऐकलं होतं. आठवतंय ना? १७ एप्रिल २०२१. आपल्या स्टेशनच्या फलाटावरून दृष्टिहीन आईचा हात सुटून तिचा लहानगा रुळांवर पडला. समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून धावत गेले, मुलाला वर ढकललं आणि स्वतःही क्षणभरात वर चढले. स्टेशनच्या कॅमेऱ्यातलं ते चित्रण लाखो लोकांनी पाहिलं. मिळालेल्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी दिली.

मी ही गोष्ट का सांगतेय? आपल्याकडे ट्रेनिंगला आलेल्या मुली मला नेहमी विचारतात, “ताई, आपला व्हिडिओ व्हायरल कसा होईल?” मी त्यांना सांगते, त्या दिवशी शेळकेंनी व्हिडिओसाठी काही केलं नव्हतं. ते त्यांच्या ड्यूटीवर होते, रोजच्यासारखे. रोज जागेवर हजर असलेला माणूसच वेळेला धावू शकतो. आपल्या धंद्यालाही लाखभर अनोळखी लोकांनी बघून काही होत नाही. लखनौच्या माणसानं आपल्या चकलीला बदाम दाबला तर तो काय चकली न्यायला कर्जत लोकल पकडणार आहे? आपल्याला वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, शेलू, नेरळ इथली शंभर-दीडशे घरं हवीत. त्यांना आपण आठवलो पाहिजे, एवढंच.

आणि आठवण राहते ती नियमितपणामुळे. हे तुम्हाला मी काय शिकवणार! आपली पंचसूत्रीच आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पाचही ठिकाणी पहिला शब्द एकच. ज्या बाईनं वर्षानुवर्षं बचतीचा हप्ता चुकवला नाही, तिला आठवड्यातून तीनदा स्टेटस ठेवणं जड नाही. फक्त रोज सकाळी “आज काय टाकू?” असा विचार करत बसायचं नाही. तिथेच गाडी अडते.

त्यावर उपाय आपल्या भिंतीवर लटकलेला आहे. दिनदर्शिका. दूध आणि गॅसची नोंद करतो, तशीच पेनानं खूण करायची. आठवड्याचे तीन वार धरा.

सोमवारी, या आठवड्यात काय बनतंय ते. “उद्या भाजणी दळायला जातेय, गुरुवारपर्यंत ऑर्डर घेईन.”

बुधवारी, काम चालू असतानाचं काहीतरी. सोऱ्यातून पडणारी चकली, उन्हात वाळणारे पापड, शिलाई मशीनवरची पिशवी. वीस सेकंदांचा व्हिडिओ पुरे. तेलात चकली सोडल्यावरचा आवाज येऊ द्या, त्यावर सिनेमाचं गाणं लावू नका.

शनिवारी भाव, वजन, आणि माल कुठे कधी मिळेल ते. किंवा एखाद्या ग्राहकानं कौतुक केलं असेल तर ते, पण त्यांना विचारून आणि त्यांचा नंबर झाकून.

बाकी विषय दिनदर्शिकेतच सापडतात. संकष्टी आली की आदल्या दिवशी उपवासाची भाजणी. नवरात्रात नऊ दिवस. मार्गशीर्षातले गुरुवार. संक्रांतीला तिळाच्या वड्या आणि वाणाच्या पिशव्या. वाडीवरच्या आपल्या तायांना तर निसर्गानंच वेळापत्रक दिलंय. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, मग कुर्डू, टाकळा, भारंगी, कंटोली. गेल्या पावसाळ्यात आपल्या एका ताईनं शेवळांच्या जुडीचा फोटो टाकला आणि खाली आवाजातच सांगितलं की शेवळं खाजरी असतात, सोबत काकडं घालूनच करा, मी दोन्ही देते. इमारतीतल्या ज्या बायकांनी शेवळं कधी हातात धरली नव्हती, त्यांनी विचारलं, “ताई, साफ कशी करायची?” ताईनं पुन्हा सांगितलं. भाजी तर विकली गेलीच, पण त्या बायका पुढच्या हंगामात आपण होऊन विचारायला आल्या. आपल्याला जे रोजचं वाटतं, ते दुसऱ्याला नवीन असतं. ते सांगायला लाजू नका.

पाऊस म्हटल्यावर एक आठवलं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्क जातं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजारावर प्रवासी होते, ते आपण सगळ्यांनीच बघितलंय. अशा दिवसांत धंदा बंद राहणारच. पण उन्हं असताना एका बैठकीत दहा-बारा फोटो काढून ठेवा. आजारपण, लग्नकार्य, पाऊस यांत तेच कामी येतात. आणि खरंच जमणार नसेल तर तसं कळवा : “चार दिवस गावी जातेय, सोमवारपासून ऑर्डर घेईन.” दुकानदार पाटी लावतो ना, ‘आज बंद’? तशीच. न सांगता गायब झालात तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, काकूंचं गेलं तसं.

आता ज्यांनी अजून घेतलं नसेल त्यांनी ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे ॲप घ्या. फुकट आहे. फक्त एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर दोन्हीकडे चालत नाही. यात कॅटलॉग करता येतो. वस्तू, फोटो, वजन, भाव एकदा भरला की “रेट काय?” या प्रश्नाला पन्नास वेळा उत्तर टाइप करावं लागत नाही. आपण शेतात किंवा झोपेत असताना आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. ऑर्डरवर लेबल लावता येतं, पैसे बाकी, पैसे मिळाले. आपल्या हिशोबाच्या वहीचाच तो भाऊ.

एक गफलत मात्र सगळ्यांची होते. “ताई, मी रोज स्टेटस ठेवते, पण कुणी बघतच नाही.” मी विचारते, ग्राहकांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय का? स्टेटस दिसायला आपल्या फोनमध्ये त्यांचा आणि त्यांच्या फोनमध्ये आपला, असे दोन्ही नंबर सेव्ह असावे लागतात. ब्रॉडकास्टचा निरोपही ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटात छोटी चिठ्ठी टाका : “आमचा नंबर सेव्ह करा, नवीन काय बनलंय ते कळत राहील.” आणि ग्राहकांची नावं, नंबर वहीतही लिहा. फोन पाण्यात पडतो, वही फडताळात राहते.

फोटोबद्दल थोडक्यात. खिडकीजवळ किंवा ओट्यावर, सकाळच्या उजेडात. मागे कपड्यांची दोरी नको. स्टीलची स्वच्छ थाळी चालेल. आणि इंटरनेटवरचा फोटो उचलून लावायचा नाही. आपल्यातल्या एका ताईनं लावला होता. करंजी मिळाल्यावर ग्राहक म्हणाली, “फोटोतली वेगळीच होती.” ताईची करंजी खरं तर जास्त चांगली होती, पण विश्वास गेला तो गेला. आपली करंजी थोडी वाकडी असेल, तरी तिचाच फोटो. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. छोट्या उद्योगाला मोठं लायसन लागत नाही, नोंदणी पुरते. तो चौदा आकडी नंबर पाकिटावर आणि प्रोफाइलवरही लिहा. अनोळखी माणसाचा विश्वास तिथून सुरू होतो.

आणि ही गोष्ट मला पुस्तकात कुणी शिकवली नव्हती, वांगणीनं शिकवली. आपल्या गावात कितीतरी दृष्टिहीन कुटुंबं राहतात. लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरतात, आपल्या शेजारी राहतात, आपल्याकडून वस्तू घेतात. मी एकदा मोठ्या हौसेनं फराळाचं रंगीत पोस्टर बनवून सगळ्यांना पाठवलं. एका दृष्टिहीन ताईंचा फोन आला, “मॅडम, माझा फोन फक्त ‘फोटो’ एवढंच बोलतो. आत काय लिहिलंय?” त्यांचा फोन लिहिलेली अक्षरं वाचून दाखवतो, पण चित्रात कोरलेली अक्षरं त्याला बऱ्याचदा वाचता येत नाहीत. तेव्हापासून मी पोस्टरच्या खाली सगळं टाइप करते : काय, किती, केवढ्याला, कुठे. किंवा बोलून पाठवते. त्याचा फायदा ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्या आजींनाही होतो. भाव चित्रात लपवू नका, खाली लिहा.

आता उत्तरं देण्याबद्दल. सोशल मीडिया म्हणजे ओरडणं नव्हे. बाजारातली चांगली भाजीवाली “घ्या घ्या” किती वेळा म्हणते, आणि “लेकीचा निकाल लागला का?” किती वेळा विचारते, आठवा. रोज फक्त “ऑर्डर करा, ऑर्डर करा” टाकलं की लोक आपलं स्टेटस बंद करून ठेवतात. प्रश्न विचारा : “यंदा चिवडा पातळ पोह्यांचा की मक्याचा?” लोकांना मत द्यायला आवडतं, आणि आपल्याला सामान किती भरायचं ते कळतं. कुणी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर. ठरावीक वेळ ठेवा, दुपारी जेवणं उरकल्यावर अर्धा तास, रात्री अर्धा तास. दिवसभर फोन हातात धरून बसायची गरज नाही, आणि तसं केलं तर घरचे ओरडतील ते वेगळंच.

तक्रार आली तर? “चकली नरम पडली” असं कुणी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं तर छातीत धस्स होतं. लगेच भांडायला जाऊ नका आणि मेसेज डिलीट करायला विनवणीही करू नका. तिथेच लिहा, “सांगितलंत ते बरं झालं. बदलून देते.” आणि खरंच द्या. बाकीचे सगळे वाचत असतात. पाव किलो चकली जाईल, पण दहा घरं राहतील.

पण तक्रार वेगळी आणि घाण वेगळी. धंद्याचा नंबर सगळ्यांकडे जातो, मग रात्री-अपरात्री कुणी नको ते मेसेज पाठवतो. आपल्या दोन मुलींनी या कारणानं स्टेटस ठेवणंच सोडलं होतं, आणि घरी सांगितलं नव्हतं, कारण घरी सांगितलं तर फोनच काढून घेतील अशी भीती. मैत्रिणींनो, लाज त्यानं वाटून घ्यायची, आपण नाही. स्क्रीनशॉट काढा, ब्लॉक करा, समूहात सांगा. पुन्हा होत असेल तर पोलिसांत जाऊ, मी सोबत येईन. आणि घरच्यांनो, तुम्ही हे वाचत असाल तर एक विनंती : दोष फोनचा नाही, तिचा तर नाहीच. चेहरा दाखवायचा नसेल तर नका दाखवू. काम करणारे हात दिसले तरी पुरतं. पण ते तिनं ठरवू दे.

पैशांचं सोपं लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. “मोठी ऑर्डर आहे, हा कोड स्कॅन करा, ॲडव्हान्स पाठवतो” असं कुणी म्हणाला की तो ग्राहक नाही, चोर आहे. फोनवर आलेला सहा आकडी कोड कुणालाही सांगायचा नाही. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावून घ्या, आज सभा संपल्यावर मी एकेकीची करून देते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे तुम्हाला माहीत असतील, ‘आपली आजी’. नातवानं पावभाजी करायला सांगितली, तिथून त्यांचं यूट्यूब चॅनल सुरू झालं. आजींना मोबाईलमधलं काही येत नव्हतं, ती बाजू नातवानं, यश पाठकनं सांभाळली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचं चॅनल कुणीतरी हॅक केलं. लाखो लोक जोडलेले, आणि एका दिवसात सगळं हातातून गेलं. काही दिवसांनी ते परत मिळालं, आणि आजी पुन्हा चुलीपुढे उभ्या राहिल्या. यातून मी दोन गोष्टी घेते. वय आड येत नाही. आणि कमावलेलं राखावंही लागतं.

शेवटी काकूंचं सांगते, कारण तुम्ही मघापासून विचारताय.

काकूंनी स्वतःच्या नावावर सिम घेतलं. क्यूआर कोड त्यांच्याच बचत खात्याचा केला. जुन्या ग्राहकांची यादी कुठेच नव्हती. मग त्यांनी नवीन नंबरच्या चिठ्ठ्या लिहिल्या, स्टेशनवर ओळखीच्या बायकांना दिल्या, पाकिटात टाकल्या. सगळे ग्राहक परत आले नाहीत, हे खरं सांगते. आले ते थोडे आले. पण या गणपतीत उकडीच्या मोदकांचं स्टेटस काकूंनी स्वतः ठेवलं. फोटो थोडा तिरका आला होता. खाली लिहिलं होतं, “मोदक तयार. पाच नंतर घेऊन जा.” मी घरी बसून ते बघितलं आणि मला माझ्या त्या पहिल्या अहवालाची आठवण झाली. ‘डिजिटल’ हा शब्द मी तेव्हा दोन वर्षं लवकर लिहिला होता.

तर आजचं काम असं. पुढच्या सभेला येताना प्रत्येक समूहानं तीन गोष्टी लिहून आणायच्या : धंद्याचा नंबर कुणाच्या नावावर आहे, पैसे कुणाच्या खात्यावर जातात, आणि दिवाळीपर्यंतचे तुमचे तीन वार कोणते. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी समूहात एकीच्या फोनवर पाळी लावा, पण हिशोब ज्याच्या त्याच्या नावानं मांडा. इतिवृत्तात त्यासाठी एक ओळ वाढवू.

आता चहा घ्या, आणि फोन घेऊन एकेक जण माझ्याकडे या. दाराशी उभ्या होत्या त्या मावशींपासून सुरू करूया.